चार क्रूझ, एक दोरा अन एक पितळी नट

आधीच सांगून टाकतो, मला गाडी लागते. लहानपणी तोरणमाळचा घाट असो की कन्नडचा, लाल डब्यात मागच्या सीटवर बसवलं की अर्ध्या तासात माझं तोंड खिडकीबाहेर. माय पिशवीत लिंबू अन फोडलेला कांदा घेऊनच बसायची. अशा माणसाने चार क्रूझ केल्या त्याचं कारण समुद्राची आवड नाही, मोटारपंपाची स्कीम आहे. चोपड्याला माझं पंप-पाईपचं दुकान, अन डीलर लोकांना माहीत आहे, कंपनीवाले सीझनच्या आधी कागद घेऊन येतात की एवढा माल उचला अन जोडीने फिरून या. तीन क्रूझ तशा झाल्या, चौथी मात्र स्वतःच्या खिशातून, बायको अन माय दोघींना घेऊन.

आता होतं काय, गावात कोणी क्रूझला जायचं ठरवलं की मला फोन येतो, भाऊ कोणतं जहाज चांगलं. अन यूट्यूबवर बघावं तर सगळे जेवण, कॅसिनो, पाण्याच्या घसरगुंड्या हेच दाखवू राहिले. जहाज हलतं किती, रात्री झोप लागते का, खोलीत आवाज कसला येतो, हे कोणीच सांगत नाही, अन ज्याला गाडी लागते त्याला तर तेवढंच पाहिजे असतं. म्हणून हे लिहू राहिलो. कंपन्यांची, जहाजांची नावं देत नाही, कारण जहाज तेच असलं तरी महिना बदलला की सगळा रिव्ह्यू उलटा होतो, ते पुढे येईलच.

मोजायचं कसं ते पहिल्याच ट्रिपला सापडलं. पँटच्या खिशात दुकानातला एक पितळी ग्लँड नट राहून गेलेला, बायकोच्या सुईदोऱ्याच्या डबीतून दोरा घेतला, अन आरशाच्या वरच्या फळीला टांगला. हातभर दोरा, खाली नट, झाला ओळंबा. पंप बसवताना फाउंडेशन लेव्हलमध्ये आहे का बघायची सवय आहे तीच इथे कामाला आली. जहाज झुकलं तरी दोरा सरळच राहतो, म्हणजे आरशाच्या मधल्या रेघेपासून नट किती बोटं सरकला ते बघायचं. बायको म्हणे अहो, लोक समुद्र बघू राहिले अन तुम्ही नट बघू राहिले. पण चारही ट्रिपला तोच नट सोबत नेला, म्हणून तुलना करता येते.

पहिली मुंबई-गोवा, डिसेंबरमध्ये, डीलर मीटसोबत. जहाज मध्यम आकाराचं, जुन्या बांधणीचं. बॅलार्ड पिअरवरून संध्याकाळी निघालो, मी निघायच्या आधीच गोळी घेऊन बसलेलो, हातात लिंबू. अन काहीच नाही भो. थंडीत आपल्या किनाऱ्याजवळचा अरबी समुद्र म्हणजे ताटात ओतलेलं पाणी, नट जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढा इकडेतिकडे. मी दुसऱ्या दिवशी सकाळी दोन वेळा नाश्ता केला अन सगळ्यांना सांगत सुटलो की मला फक्त घाट लागतो, समुद्र नाही लागत. त्या बढाईची किंमत पुढे मोजली, ते सांगतोच.

त्या जहाजाची एकच गोष्ट खटकली, थरथर. आमची खोली अगदी मागच्या टोकाला, खालच्या मजल्यावर, म्हणजे जहाज पुढे ढकलणाऱ्या पंख्याच्या डोक्यावरच म्हणा. स्पीड घेतला की टेबलावरचे दोन काचेचे ग्लास एकमेकाला लागून किणकिण करायचे, फाउंडेशनचा बोल्ट ढिला झालेली मोटर जशी करते अगदी तशी. मी एका ग्लासात रुमाल कोंबला तेव्हा झोप लागली. जुन्या जहाजात इंजिन आत अन तिथून लांब शाफ्ट मागे पंख्यापर्यंत, त्यामुळे ती थरथर सगळी लोखंडातून खोलीत येते. नव्या मोठ्या जहाजांमध्ये बरेच ठिकाणी इलेक्ट्रिक मोटर खोक्यात बसवून जहाजाच्या बाहेर, खाली पाण्यातच लटकवलेली असते, पंखा तिलाच. म्हणजे सबमर्सिबल पंपच की! हे मला कळलं तेव्हा इतका आनंद झाला की मी बाजूच्या पारोळ्याच्या डीलरला झोपेतून उठवून सांगितलं. याला अ‍ॅझिपॉड म्हणतात, क्रूझच्या जहाजावर पहिल्यांदा १९९८ ला 'इलेशन' नावाच्या जहाजाला बसवली, अन तेव्हापासून मागच्या खोल्यांची थरथर पुष्कळ कमी झाली.

दुसरी सिंगापूरहून, पेनांग अन फुकेत करून परत. हे जहाज म्हणजे गावच, लिफ्टचे नंबर पाठ करायला दोन दिवस गेले. नट? हललाच नाही. मी दोनदा दोरा तपासला की कुठे अडकला तर नाही. लोक म्हणे बघा मोठं जहाज आहे म्हणून हलत नाही, मी पण तेच समजलो तेव्हा. पण नकाशा बघा ना, सिंगापूरहून वर जायचं म्हणजे मलाक्काची सामुद्रधुनी, एका बाजूला मलेशिया, दुसऱ्या बाजूला सुमात्रा, सिंगापूरजवळ तर ती एके ठिकाणी तीन किलोमीटरपेक्षा अरुंद होते. दोन्ही बाजूला जमीन असल्यावर लाट मोठी व्हायला जागाच कुठे आहे. पाटात कधी लाट पाहिली का कोणी. फुकेतकडे अंदमान समुद्र उघडा लागला तेव्हा रात्री नट अर्धं बोट सरकला, बस तेवढंच. गाडी लागणाऱ्या माणसाने पहिली क्रूझ करायची तर डोळे झाकून ही करावी.

पण झोप? ती नाही झाली. आमची खोली स्विमिंग पूलच्या बरोबर खाली. पहाटे पाचला वरती खुर्च्या सरकवायला सुरुवात, घर्रर्र, घर्रर्र, जणू डोक्यावर कोणी दगडी जातं ओढू राहिलं. अन पुढच्या बाजूला ज्यांच्या खोल्या होत्या त्यांना बंदरात लागताना वेगळाच आवाज, पुढच्या बाजूला आडवे पंखे असतात जहाज धक्क्याकडे ढकलायला, ते चालू झाले की पलंगाखाली बोअरवेलची गाडी लागल्यासारखं वाटतं. म्हणजे जहाज हललं नाही तरी आराम मिळेलच असं नाही. खोली घेताना आपल्या वर काय अन खाली काय ते बघायचं, दोन्हीकडे खोल्याच असल्या तर बरं. किचन, थिएटर, पूल असं काही असलं तर सोडून द्या.

आता तिसरी. ऑक्टोबर, बार्सिलोना, मार्सेय, जेनोवा, पुढे इटली. सगळ्यात महागडी ट्रिप, कंपनीने सगळ्यांना पुढच्या टोकाजवळच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या दिलेल्या, अन शिरपूरच्या नानांनी स्वतःचे पैसे टाकून त्याच्याही वरचा स्वीट घेतला, सोफा, मोठी बाल्कनी, सगळं. जहाज सिंगापूरच्या जहाजाएवढंच मोठं, म्हणून मी गोळी घेतलीच नाही, बढाई होती ना.

बार्सिलोनाहून निघाल्यावर रात्री कॅप्टनची घोषणा झाली, इंग्लिश अन अजून चार भाषांमध्ये, जिन्यात कठडा धरून चाला वगैरे. मी लक्ष नाही दिलं. मग लिफ्टजवळ बघतो तर कठड्याला कागदी पिशव्या खोचून ठेवलेल्या, ओळीने, लग्नात आहेराची पाकिटं ठेवतात तशा. तुम्ही कधी जहाजावर असाल अन अशा पिशव्या लागलेल्या दिसल्या तर वाट बघू नका, सरळ गोळी घ्या, कर्मचाऱ्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

तिकडे फ्रान्सच्या दक्षिणेला मिस्त्राल नावाचा वारा आहे, रोन नदीच्या खोऱ्यातून थंडगार खाली उतरतो अन लायन्सच्या आखातात सुटतो. आपल्याकडे तापीच्या पात्रातून कधी कधी सोसाट्याचा वारा येतो ना, त्याचा आजोबा समजा. तो पुढून येऊ राहिला होता, अन जहाज पुढून मागे डोलायला लागलं, सी-सॉ सारखं. आम्ही सी-सॉच्या टोकावर! पलंग वर जायचा तेव्हा अंग जड व्हायचं, खाली गेला की पोट हलकं, लिफ्ट एकदम खाली सुटल्यासारखं, अन मध्येच पुढचं टोक लाटेवर आपटायचं, धाडकन, की सगळी खोली शहारायची. कपाटातले हँगर रात्रभर टकटक, टकटक. गंमत म्हणजे नट फार सरकत नव्हता, बोटभर जेमतेम, कारण ओळंबा बाजूचं झुकणं दाखवतो, वर-खाली होणं नाही दाखवत. नट म्हणे सगळं ठीक आहे अन मी बाथरूममध्ये गुडघ्यावर.

तिथे मला स्टॅबिलायझर कळला. घोषणेत तो शब्द आला तेव्हा मला वाटलं व्होल्टेजचा, आपल्याकडे मोटरीला लावतात तो. तो नाही. जहाजाच्या दोन्ही बाजूला पाण्याखाली माशाच्या पंखासारखे पंख असतात, पाहिजे तेव्हा बाहेर काढतात, जहाज डावीकडे झुकायला लागलं की ते असे वळतात की उजवीकडे ढकललं जातं. बाजूचं डोलणं ते पुष्कळ मारतात. पण पुढून मागे डोलणं ते नाही थांबवू शकत, अन जहाज उभं असलं की त्यांचा जोरच राहत नाही, कारण पंखावरून पाणी वाहिलं तर जोर. म्हणजे एजंट जेव्हा सांगतो 'साहेब स्टॅबिलायझर आहे, काही जाणवत नाही', तेव्हा तो अर्धंच खरं सांगू राहिला.

दुसऱ्या दिवशी वारा बाजूने लागला. एवढं उंच जहाज, म्हणजे वाऱ्याला पत्र्याचं शेडच आडवं धरल्यासारखं. सगळं जहाज एका बाजूला कललेलं, जरासंच, पण पूलचं पाणी एका कडेला जास्त अन दुसऱ्या कडेला कमी दिसू राहिलं, मग त्यांनी पूलवर जाळी टाकली. नट सरळ रेघेच्या एक बोट बाजूला जाऊन तिथेच थांबला, परत येईना. मग अर्ध्या तासाने हळूहळू मधे आला. विचारलं तर कळलं की आत दोन्ही बाजूला पाण्याच्या टाक्या असतात, पंपाने या टाकीतलं पाणी त्या टाकीत टाकून जहाज सरळ करतात. पंप! सगळीकडे पंपच आहेत या जगात, लोक कदर करत नाहीत.

नाना सकाळी नाश्त्याला आले नाहीत. दुपारी भेटले ते चेहरा हिरव्या केळीसारखा. म्हणे बाल्कनीत बसायचे पैसे दिले अन रात्रभर संडासात बसलो. वरच्या मजल्यावर, टोकाला, सगळ्यात महाग खोली, अन सगळ्यात जास्त हलणारी जागा तीच. झाडाचं बघा ना, वाऱ्यात बुंधा हलतो का, शेंडा हलतो. जहाज एकाच कोनात झुकतं सगळीकडे, पण शेंड्यावरच्या माणसाला हातभर फिरवून आणतं अन बुंध्याजवळच्याला वीतभर. ज्याला लागतं त्याने मधली, खालची, स्वस्तातली खोली घ्यायची.

अन मोठं जहाज हलत नाही हा गैरसमज पण त्याच ट्रिपला गेला. एक तर टन टन म्हणतात ते वजन नसतं, आतली जागा मोजलेली असते. टायटॅनिक ४६,३२८ टनांचं होतं, २०२४ ला आलेलं आयकॉन ऑफ द सीज २,४८,६६३ टनांचं, म्हणजे पाचपट. पण पाण्यात खाली किती बुडलेलं असतं ते बघितलं तर टायटॅनिक साडेदहा मीटर, अन हे वीस मजल्यांचं आयकॉन नऊ मीटरच्या थोडंसं वर. म्हणजे वाढलं ते सगळं वरच्या बाजूला अन रुंदीला. क्वीन मेरी २ नावाचं एक जहाज आहे, २००४ पासून चालू, ते खास अटलांटिक ओलांडायला बांधलेलं, पुढचं टोक लांब अन निमुळतं, पाण्यात खोल, स्पीड जास्त. त्यात बसलेलो नाही, पण जहाज असं बांधायचा खर्च का करतात ते त्या रात्रीनंतर कळलं. बाकीची आपली हॉटेलं आहेत, पाण्यावर ठेवलेली, चांगल्या हवेसाठी. मोठेपणाचा फायदा नाही असं नाही, बारीक लाटा लांब जहाजाला कळत पण नाहीत, एकाच वेळी दहा लाटांवर ते आडवं पडलेलं असतं. पण लाट लांब झाली, म्हणजे एका लाटेपासून दुसरीपर्यंतचं अंतर जहाजाच्या लांबीच्या जवळ आलं, की मग मोठ्याला पण उचलते.

चौथी आपली. मे महिन्याचा शेवट, मुंबईहून लक्षद्वीप, कारण पोरांच्या परीक्षा, लग्नसराई, दुकान, सगळं सांभाळून तेवढेच दिवस मिळाले, अन मायचं वय अठ्ठ्याहत्तर, पुढच्या वर्षाचा काय भरोसा असं बायको म्हणाली. मायने आयुष्यात मोठं पाणी पाहिलं ते तापीचं अन एकदा सुरतला डुमसचं. यावेळी मी शहाणा झालेलो. एजंट म्हणे 'गॅरंटी केबिन' घ्या, स्वस्त पडते. त्याचा अर्थ असा की खोली मिळायची गॅरंटी, कोणती ते कंपनी शेवटी ठरवणार, म्हणजे उरलेलं टोक आपल्याला. मी म्हटलं नाही, नंबर सांगा. डेक प्लॅनचा कागद, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, दुकानात काउंटरवर पसरून, पट्टीने मध्य काढून, पुढची लिफ्ट अन मागची लिफ्ट यांच्या मधली, खालून तिसऱ्या मजल्यावरची, गोल खिडकीची खोली घेतली. एजंट हसला, म्हणे साहेब एवढे पैसे देऊ राहिले तर बाल्कनी तरी घ्या. त्याला म्हटलं बाल्कनी शिरपूरला विचार.

अन निघायच्या आठ दिवस आधीपासून इन्कॉइस बघत होतो. हैदराबादला सरकारी संस्था आहे, समुद्राचा अंदाज देते, मच्छीमारांसाठी आहे पण आपल्याला पण दिसतो. लाटेची उंची सगळे बघतात, पण दोन लाटांमध्ये किती सेकंद ते पण बघा, सेकंद जास्त असले म्हणजे लांबून आलेली लाट आहे, वारा नसला तरी डोलवते. उन्हाळ्यात आपल्याकडे वारा पडलेला असतो अन तिकडे खाली दक्षिण महासागरात वादळ होतं, त्याच्या लाटा हजारो किलोमीटर चालत केरळ-लक्षद्वीपपर्यंत येतात. केरळचे मच्छीमार त्याला कल्लक्कडल म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. आभाळ स्वच्छ, वारा नाही, अन पाणी घरात.

आम्हाला तोच चोर भेटला. दुसऱ्या दिवसापासून लांब लांब गुळगुळीत लाटा, फेस नाही काही नाही, नुसतं पाणी श्वास घेऊ राहिल्यासारखं, अन बाजूने. नट दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे, सावकाश. चारही ट्रिपमध्ये एवढा कधीच नव्हता सरकला. बाथरूममध्ये फरशीवरचं पाणी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायचं अन परत यायचं, तेव्हा कळलं दाराला एवढा उंच उंबरठा का ठेवतात. अन मी? जेवलो. झोपलो. मला स्वतःला विश्वास बसेना. डोलणं असं की कापूस ठासून भरलेला ट्रक जसा सावकाश झुलतो, रिकाम्या ट्रॉलीसारखं कडाकडा नाही. झटका नाही, आपटणं नाही, मधली खोली असल्याने वर-खाली जवळपास नाहीच, फक्त झुलणं. गोळी मात्र डॉक्टरांना विचारून आदल्या रात्रीपासून घेतली होती, अ‍ॅव्होमिन, हे पण प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. त्याने झोप येते, पण मला तर तीच पाहिजे होती. मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, पोटात टिकतच नाही.

माय पहिल्या रात्री पलंगावर बसून राहिली, दोन्ही हात गादीवर टेकवून, नटाकडे बघत. मग म्हणाली, "बापू, हाई जहाज शे का पायना शे रे?" पायना म्हणजे पाळणा. अन आडवी झाली अन सकाळी सहापर्यंत उठली नाही. तिला काहीच झालं नाही, कांदा लिंबू सगळं वाया. तिची तक्रार वेगळीच, बाथरूममध्ये बादली नाही, तांब्या नाही, फवाऱ्याखाली हलत्या जहाजात उभं राहून अंघोळ कशी करायची म्हाताऱ्या माणसाने. हे खरंच कोणी मनावर घेतलं पाहिजे, आपल्या लोकांसाठी चालवू राहिले तर एक प्लास्टिकचं स्टूल अन एक पाण्याचा मग ठेवायला काय जातं. शेवटी बायकोने कॉफीचा मग वापरला.

तिसऱ्या दिवशी बेट. प्रवाळाचा कडा असल्याने मोठं जहाज लांबच उभं राहतं, अन छोट्या बोटीने नेतात. जहाज थांबलं तसा नट तीन बोटांवर गेला, बघा, पंखांचा जोर गेला ना. खालच्या दारात रांगेत उभे राहिलो तर समोर बोट एकदा गुडघ्याला अन एकदा डोक्याला. खलाशी दोन्हीकडून दंडाला धरायचे अन बोट वर आली की 'अब' म्हणायचे, त्याच क्षणी पाय टाकायचा, विचार करायचा नाही. पुढची एक बाई विचार करत थांबली अन बोट खाली गेली, तिचा एक पाय हवेत, खलाशाने तसंच मागे ओढलं तिला. मायने ते पाहिलं. "ती नाव नाची ऱ्हायनी रे बापू, माले नही उतरनं." अन पंधरा-वीस मिनिटांत कॅप्टननेच बोटी बंद केल्या. वर रिसेप्शनला जो गोंधळ झाला, पैसे परत द्या, फसवणूक आहे, व्हिडिओ काढू राहिले लोक. मला वाईट वाटलंच, बेट समोर दिसत होतं, पाणी असं निळं की खोटं वाटावं. पण ती हवेतली बाई मी पाहिली होती, मी कॅप्टनच्या बाजूने. फॉर्मवर लिहिलेलं असतं की हवेप्रमाणे बेट रद्द होऊ शकतं, तेवढं वाचत नाही कोणी. बेटासाठीच जायचं असेल तर मे नको, थंडीत जा.

खाण्याचं एक सांगतो. बुफेत शेवभाजीसारखं तर्रीवालं काहीतरी होतं अन आपले लोक तुटून पडले, हलत्या जहाजात तेलकट तिखट खाल्लं की मग पिशवी. रिकामं पोट पण नको, ते जास्त वाईट. थोडं थोडं कोरडं खायचं. दशम्या न्यायच्या होत्या पण घरचं आत नेऊ देणार नाही म्हणाले, पॅकबंद चालतं, म्हणून केळीचे वेफर अन आलेपाक. आल्याने फरक पडतो, मला तरी पडला. गोऱ्यांच्या जहाजावर हिरवं सफरचंद अन खारी बिस्किटं मागितली की फुकट देतात. मळमळलं की खोलीत मोबाइल बघत पडायचं नाही, डोळे सांगतात सगळं स्थिर आहे अन कान आतून सांगतो हलू राहिलं, त्या दोघांच्या भांडणात पोट मरतं. मधल्या मजल्यावर उघड्यावर जायचं, जिथे आभाळ अन पाणी मिळतं त्या रेघेकडे बघायचं.

भाच्याने अलास्का केलं, त्याचं ऐकून अजून एक. तिकडे व्हँकुव्हरहून निघणारं जहाज बेटांच्या आडून, आतल्या रस्त्याने जातं, शांत. सिएटलहून निघणारं बहुतेक बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून. तिकीट सिएटलचं सोयीचं म्हणून त्याने ते घेतलं अन पहिले दीड दिवस आडवा होता. तेच अलास्का, तसंच जहाज, फक्त निघायचं गाव वेगळं.

मार्क द्यायचे तर सिंगापूरला हलण्यात पाचपैकी पाच, झोपेत दोन. गोवा डिसेंबर हलण्यात पाच, थरथरीत दोन. भूमध्य हलण्यात एक, बाकी जेवण, शहरं, सगळं पाच, पण जेवण कोणी खाल्लं. लक्षद्वीप मे, हलण्यात नट म्हणतो दोन, मी म्हणतो चार, खोलीमुळे.

घरी आल्यावर दोन दिवस मोरीत डोळे मिटून डोक्यावर पाणी घेतलं की फरशी हलायची, ते होतं, जातं आपोआप. नट आता दुकानात काउंटरवर टांगलाय, त्याच दोऱ्याला. पहिले दोन दिवस अंग झुललं की त्याच्याकडे बघायचो, तो आपला शांत, लाइट गेल्यावरच्या मोटरीसारखा. गिऱ्हाइकं समजतात दुकानाला नजर लागू नये म्हणून बांधला. परवा अडावदचा एक जण पंपाचा ग्लँड घेऊन आला, नेमकी तीच साइज, स्टॉकमध्ये संपलेली, म्हणे भाऊ तो लटकवलेला द्या ना काढून. नाही दिला. जळगावहून मागवून दिला दुसऱ्या दिवशी.